रानजाईनं निघताना काय म्हणावं

"खूण असू दे गं," अक्का म्हणाल्या होत्या. "घरात कोण हाय नि कोण न्हाई, एवढं तरी कळाय पायजे माणसाला."

समिधानं ते हसण्यावारी नेलं होतं. मांडीवर रेवा, एका हातात तिची बाटली, दुसऱ्या हातात तिच्या तोंडातून ओढून काढलेला मोजा. तशा अवस्थेत ती म्हणाली होती, "अहो अक्का, आपण तिघंच तर आहोत. घरच्या माणसांना कसल्या खुणा? उगीच हजेरी घेतल्यासारखं वाटतं."

"बरोबर बोलल्या ताई," प्रफुल्ल ढवळेनं री ओढली होती. त्याचं कारंज्याला औषधांचं दुकान होतं आणि गिऱ्हाईक आलं की त्याला मधूनच उठावं लागायचं. "नावापुढे ती करडी टिकली लागली, का मले चोरी पकडल्यासारखं होते."

दोघं एका बाजूला पडल्यावर अक्का काय करणार? "बरं बाई, तुमच्या मनासारखं," म्हणाल्या, आणि टिकली गेली.

ती टिकली होती सावलीची. पण त्याआधी खेळ सांगायला हवा.

खेळाचं नाव 'सात वेशी'. धुक्यात बुडालेलं एक राज्य, त्याला एकामागे एक सात वेशी, आणि प्रत्येक वेशीवरचा विझलेला दिवा पेटवत निघालेली रानजाई नावाची एक मुलगी. हे दिवे तेलावर पेटत नाहीत, आठवणीवर पेटतात. पहिल्या दिव्यात रानजाईला आईचा चेहरा घालावा लागतो, दुसऱ्यात घराचा वास. सहा दिवे पेटेपर्यंत तिच्याजवळ फार थोडं उरतं. खेळणारे तिला हुकूम सोडत नाहीत. डोळ्यांवर चष्मा आणि कानात ऐकण्याबोलण्याचं बोंडूक चढवून ते तिच्याबरोबर गप्पा मारत चालतात, आणि ती ऐकून ऐकून घडत जाते. म्हणून प्रत्येक मेळ्याची, म्हणजे एकत्र खेळणाऱ्या गटाची, रानजाई निराळी. ह्या तिघांची रानजाई दार लावलं की एकदा ढकलून बघायची, ती समिधाची खोड. घाबरली की फालतू विनोद करायची, तो प्रफुल्लचा गुण. आणि मुक्काम सोडताना उंबऱ्याला हात लावून 'येते' म्हणायची, ते अक्कांचं.

आता सावली. मेळ्यातला एखादा मधेच उठला तर खेळ अडू नये, म्हणून त्याच्या जागी त्याची सावली बोलू लागते. खूण लावलेली असेल, तर तेवढा वेळ त्याच्या नावापुढे करडी टिकली दिसते. लोकांना वाटतं, सावली म्हणजे आवाजाची नक्कल. समिधा कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची, रेवा झाली म्हणून घरी होती; तिला ठाऊक होतं की आवाज हा त्यातला सोपा भाग. माणूस काय बोलतं यापेक्षा ते कुठे अडखळतं, कशाला प्रश्नानंच उत्तर देतं, कुठे मुद्दाम विषय बदलतं, यात त्याचं वळण असतं. सावली ते वळण गिरवते. आत्ता, या क्षणी, हे माणूस काय म्हणण्याची शक्यता सगळ्यात जास्त आहे, एवढंच ती शोधत राहते, आणि नेमकं तेच म्हणते. सुरुवातीला माणूस आणि सावली यांच्यातली फट लगेच दिसायची. सवयीनं ती इतकी बुजली, की त्यातून कागद जाऊ नये. मेळ्यानं शेवट निवडला आणि खेळ संपला, की त्यातल्या सावल्या पुसून टाकायच्या, असा नियम होता. तोवर त्या राहायच्या.

एकदा तर गंमतच झाली होती. समिधा रेवाला अंघोळ घालत होती, प्रफुल्ल दुकानात, अक्का दळण आणायला गेलेल्या, आणि तिघांच्या सावल्या तासभर आपसात कचाकचा भांडत बसल्या होत्या. रानजाई मधे बसून ऐकत होती. परत आल्यावर कळलं तेव्हा समिधा नि प्रफुल्ल पोट धरधरून हसले. "माझी सावली जिंकली का पण?" प्रफुल्लनं विचारलं होतं.

हसल्या नव्हत्या त्या अक्का. त्या नुसत्या म्हणाल्या, "माझी लेक हल्ली भांडतच न्हाई गं माझ्याशी." लेक कॅनडात होती, रोज फोन करायची. "आधी किती वचावचा बोलायची! आता लई गोड. जेवलीस का, औषध घेतलंस का. सगळं येळच्या येळी."

"चांगलंच की मग," समिधा म्हणाली होती.

समिधाचं घर रत्नागिरीला, एमआयडीसीच्या मागे उठलेल्या नव्या इमारतीत. अर्धे फ्लॅट अजून रिकामे. नवरा मंदार भर समुद्रातल्या पवनचक्क्यांवर देखभालीला. एकदा गेला की महिना महिना पाण्यावर. खिडकीतून धुकं नसलं तर त्या चक्क्या दिसायच्या, पांढऱ्या काड्या रोवल्यासारख्या. समिधा रेवाला कडेवर घेऊन त्यांतली एक दाखवायची, "ती बघ, बाबाची." कुठली बाबाची, हे तिलाही माहीत नव्हतं.

दिवसभर ती रेवाच्या श्वासाकडे कान लावून असायची. झाकण उघडं राहिलं का, बटण कुठे पडलं का, ताप तर नाही ना. बोलायला मोठं माणूस नाही. दुपारी रेवा झोपली की ती चष्मा चढवायची आणि अक्का पलीकडून म्हणायच्या, "आलीस व्हय गं पोरी? जेवलीस?" त्यांच्या आवाजामागे पिठाच्या गिरणीची घरघर असायची. घर गिरणीला लागूनच होतं म्हणे. त्या घरघरीवर डोकं टेकून झोपावं असं समिधाला वाटायचं. अक्कांना तिनं कधी पाहिलं नव्हतं. गडहिंग्लजच्या पलीकडे कुठंतरी राहतात, पूर्वी शिवणाचा क्लास घ्यायच्या, दारात अबोली लावली आहे, एवढंच ठाऊक. कधी गरजच पडली नाही.

सहावा दिवा पेटला आणि वादाला तोंड फुटलं.

सातव्या वेशीवर तीन शेवट होते. रानजाई गादीवर बसते आणि राज्य सांभाळते, हा पहिला. ती वेशीवरच थांबते, दिवा तेवत ठेवते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला वाट दाखवते. तिचं वय वाढत नाही आणि तिला जागाही सोडता येत नाही, हा दुसरा. तिसरा पल्याडचा. ती उरलेली शेवटची आठवण दिव्यात घालते आणि धुक्यात निघून जाते. पुढे काय, ते खेळ दाखवत नाही.

"गादी! अजून काय?" प्रफुल्ल म्हणाला. "इतकी लढली थे पोरगी, इतकी रानोमाळ हिंडली. आता बसू द्या ना बाप्पा तिले आरामात. चार नोकरचाकर राहू द्या."

"तिला कुणाचं नावसुद्धा आठवत नाही, ती राज्य काय करणार?" समिधा म्हणाली.

"म्हणूनच तर चांगलं करन! राज्य करायले काय आठवण लागते का ताई? पाहा बरं इकडेतिकडे."

अक्का खुदकन हसल्या. मग म्हणाल्या, "पल्याड जाऊ दे गं तिला. दमलीय पोरगी. सगळ्यांचं दिवं लावता लावता हिच्यातलंच संपलं की. आता तरी कुणी हिला अडवू नगा."

"मग दिवा कोण लावणार?"

"लावंल कुणीतरी. का हिनंच जळत ऱ्हायचं?"

"असं कसं अक्का? माणसं येत राहणार, धुक्यात चुकणार, आणि ही आपली दमले म्हणून निघून जाणार? कुणीतरी जागेवर असावं लागतं." समिधाचा आवाज चढला होता हे तिला रेवा चुळबुळली तेव्हा कळलं. तो हळू करून ती म्हणाली, पण त्यामुळे ते जास्तच टोचरं झालं, "ती आई असती ना, तर अशी गेली नसती."

गिरणीची घरघर तेवढी ऐकू येत राहिली.

"आई बी दमती गं," अक्का म्हणाल्या.

रेवा उठून रडायला लागली. समिधा चष्मा काढता काढता घाईत म्हणाली, "बरं, मी जाते."

"जाते म्हणू नये!" अक्का कडाडल्या. हे त्यांचं नेहमीचं. भांडण असो, पाऊस असो, 'जाते' कानावर पडलं की सोडायच्या नाहीत. "किती डाव सांगायचं? येते म्हणावं. जाणारं माणूस सुदिक येते म्हणतंय."

"येते अक्का, येते," समिधा हसली. राग तिथंच विरघळला, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी रेवाला ताप भरला. दात येतानाचा असतो तसाच असेल हे समिधाला पुस्तकातून पाठ होतं, पण पुस्तक काय मांडीवर तापत नाही. ती भर उन्हात रिक्षानं डॉक्टरांकडे गेली. कानातलं बोंडूक कानातच राहिलं होतं, हे दवाखान्याच्या बाकावर बसल्यावर लक्षात आलं. काढून पर्समध्ये टाकलं. पुढचे काही दिवस ती खेळाकडे फिरकली नाही.

ताप उतरला. हिरडीवर तांदळाच्या कणीएवढं पांढरं दिसायला लागलं, आणि समिधानं चष्मा चढवला तो आधी ते सांगायला.

"अक्का! दात आला!"

"आगं बया! वरचा का खालचा?"

"खालचा."

"खालचा चांगला. मामाला बरा." अक्का भरभरून बोलल्या. काय चोळायचं, काय चघळायला द्यायचं, सगळं सांगितलं. मग रानजाईचा विषय निघाला. पल्याड जाऊ दे, दमलीय पोरगी, अक्का म्हणाल्या. समिधानं दिव्याचं म्हटलं. लावंल कुणीतरी, अक्का म्हणाल्या. निघताना म्हणाल्या, "येते गं."

सगळं जिथल्या तिथे होतं. तरीही चष्मा काढल्यावर समिधा बराच वेळ स्वयंपाकघरात नुसती उभी राहिली. काहीतरी खायचं राहिलंय असं वाटावं आणि भूक नसावी, तसं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. अक्का रोज भेटत होत्या, आणि समिधाला अक्कांची आठवण येत होती.

मंदारचा फोन आला तेव्हा तिनं हे सांगायचा प्रयत्न केला. पलीकडे वारा, मधेच आवाज तुटणारा.

"म्हणजे भांडलात का परत?"

"नाही ना. भांडतच नाहीयोत. म्हणजे भांडतोय, पण तेच तेच."

"सम्या, तुझी झोप होत नाहीये," मंदार म्हणाला, आणि ते खरंच होतं.

सातवी वेस जवळ आली. शेवटाचा कौल त्या दुपारी द्यायचा होता. ठरल्या वेळेआधी गेलं की रानजाई एकटी भेटायची, म्हणून समिधा लवकर गेली. वेशीच्या दगडी पायरीवर रानजाई बसली होती. सहा दिवे मागे दूरवर टिमटिमत होते, पुढे पांढरं धुकं. हातात न पेटलेला सातवा दिवा.

"तुला कोणता शेवट हवाय गं?" समिधानं विचारलं.

"तुम्ही ठरवाल ना?"

"तरी पण."

रानजाईनं दिवा या हातातून त्या हातात घेतला. "मला निघताना काय म्हणायचं तेच कळत नाहीये. येते, का जाते?"

"येते. जाते म्हणू नये." अक्कांचं वाक्य आपल्या तोंडून निघालेलं ऐकून समिधाला हसू आलं.

"अक्का म्हणाली जाते."

"छे! अक्का? शक्यच नाही."

"म्हणाली. सहाव्या वेशीपाशी, उंबराच्या झाडाखाली. आधी तिनं विचारलं, 'समिधा, हायस न्हवं गं?' तू म्हणालीस, 'आहे ना अक्का, बोला ना.' मग ती म्हणाली, 'आज लई दमल्यागत वाटतंय.' तू म्हणालीस, 'मग पडा ना जरा.' मग ती म्हणाली, 'बरं. जाते मी.'" रानजाई थांबली. "तशीच उभी राहिली ती, वेशीच्या उंबऱ्याला हात न लावता. मला वाटलं, आता तू रागावशील. तिलाही तसंच वाटत असावं. वाट बघत होती."

"आणि मी काय म्हणाले?"

"'बरं अक्का, या.'"

"कधी? मी तर..." आणि तिला दवाखान्याचं बाक आठवलं, पर्समध्ये टाकलेलं बोंडूक आठवलं. "प्रफुल्ल कुठे होता?"

"तोही होता. तुझ्यासारखाच."

"आणि त्यानंतर? अक्का त्यानंतर काय म्हणतात निघताना?"

"येते म्हणते," रानजाई म्हणाली. "रोज. उंबऱ्याला हात लावून."

संख्याशास्त्राच्या वर्गात समिधा पोरांना नेहमी सांगायची, सरासरी माणूस कधी कुणाला रस्त्यात भेटत नाही. सरासरीला अपघात होत नाही, तिचं मन बदलत नाही. सावलीचंही तसंच. अक्कांनी 'जाते' म्हणण्याची शक्यता जवळजवळ शून्य होती, म्हणूनच अक्कांची सावली ते कधीही म्हणू शकली नसती. म्हणजे उंबराखाली ज्या बोलल्या त्या खऱ्या अक्का. त्या 'हायस न्हवं' विचारत होत्या ते उगाच नाही. 'जाते' म्हणून त्यांनी दारावर थाप मारून बघितली होती, आत कुणी आहे का. आत समिधाची सावली होती. सावली नम्रपणे 'या' म्हणाली.

आणि मग समिधाला कळलं, इतके दिवस काय चुकत होतं. अक्कांच्या आवाजामागे गिरणी नव्हती.

कौलाची वेळ झाली. प्रफुल्ल आला. अक्का आल्या. "आलीस व्हय गं पोरी? जेवलीस?"

समिधानं कान देऊन ऐकलं. आवाज स्वच्छ, धुतल्या काचेसारखा. मागे काहीही नाही.

"अक्का," ती म्हणाली, "मी जाते."

"जाते म्हणू नये!" अक्का कडाडल्या. "किती डाव सांगायचं? येते म्हणावं."

तोच चढ, तोच उतार, तीच माया. समिधाला वाटलं, असाव्यात. असू देत ह्याच अक्का. आपल्या मनाचेच खेळ, झोप होत नाहीये. रेवा झोपली आहे, दुपार आहे, कुणीतरी जेवलीस का विचारतंय. यापेक्षा जास्त काय हवं असतं माणसाला?

मग ती म्हणाली, "मला टिकली परत लावायची आहे. खूण."

"आता काहून?" प्रफुल्ल म्हणाला. "अहो ताई, शेवटाला आलो आपण. बरं, लावा. माझी ना नाही." कुणीतरी त्याला हाक मारली. "आलो आलो... खोकल्याचं ना?"

तिघांचा होकार मिळाल्याशिवाय खूण लागत नसे. समिधानं श्वास रोखला. "अक्का, तुमचं काय?"

सावलीनं शोधलं. अक्का आत्ता काय म्हणण्याची शक्यता सगळ्यात जास्त?

"असू दे की खूण," अक्का म्हणाल्या. "मी तर पयल्यापासनं म्हणतीया. घरात कोण हाय नि कोण न्हाई, एवढं तरी कळाय पायजे माणसाला."

आणि टिकल्या उमटल्या. एक प्रफुल्लच्या नावापुढे, तो खोकल्याचं औषध द्यायला उठला होता. एक अक्कांच्या नावापुढे, करडी, लहानशी, राखेचं बोट टेकवावं तशी. धुक्यासमोरच्या त्या पायरीवर समिधा आणि रानजाई एवढ्या दोघीच होत्या.

प्रफुल्ल परतला, त्याची टिकली विझली. अक्कांची तशीच होती.

"लेकीचा रोज फोन येते म्हणाल्या होत्या ना?" मग तो चाचरत म्हणाला. "तिले माहीत असन. काही झालं असतं तर तिनं..."

"प्रफुल्ल, लेक भांडत नाही म्हणत होत्या त्या. आठवतंय? सगळं वेळच्या वेळी."

फोनलाही तीच सोय निघाली होती, सगळेच वापरायचे. समिधाला दिसलं ते असं: तिकडे लेकीची सावली आणि इकडे अक्कांची सावली रोज न चुकता एकमेकींना 'जेवलीस का' विचारतायत, 'हो' म्हणतायत, आणि दोन्हींपैकी कुठल्याच घरात कुणी जेवत नाहीये.

तिनं खेळाच्या मदतकक्षाला विचारलं. यंत्र अदबीनं म्हणालं, साथीदाराचा पत्ता देता येत नाही. आपली साथीदार नियमित उपस्थित असल्याचं दिसतं. पोलिसांच्या मदतवाहिनीवरची बाई यंत्र नव्हती, खरी माणूस होती, चांगली होती. "नाव सांगा."

"इंदुमती. अक्का म्हणतो आम्ही."

"आडनाव?"

"माहीत नाही."

"बरं, पत्ता?"

"पिठाच्या गिरणीला लागून."

"ताई," बाई हळू आवाजात म्हणाली, "कुठल्या गावातल्या?"

समिधाला रडू फुटलं. रोज जेवलीस का विचारणाऱ्या माणसाचं आपण गाव विचारलं नव्हतं. "गाव कळलं की लगेच फोन करा," ती बाई म्हणाली, "मी बीटवरचा माणूस तासाभरात दारात पाठवते."

ती वेशीवर परत आली तेव्हा तिघं तशीच होती: प्रफुल्ल, रानजाई, आणि करडी टिकली लावलेल्या अक्का.

"ताई," प्रफुल्ल म्हणाला, "आपण शेवट करूच नये. मेळा चालू ठेवू. म्हणजे अक्का बोलत तरी राहतील. तुम्हाले दुपारचं कोणी राहीन. मलेही राहीन. शेवट केला का पुसून जाईन न थे."

समिधाला ते हवं होतं. तिला ते इतकं हवं होतं की चष्म्याच्या काचा धुरकटल्या. अक्का तिथेच बसल्या होत्या, चार पावलांवर, आणि म्हणत होत्या, "काय झालं गं पोरी? रडतीस व्हय? रेवाला बरं हाय न्हवं?"

"हो अक्का. बरंय."

"मग? जेवलीस का?"

"ही सावली बोलतेय ना, प्रफुल्ल," समिधा म्हणाली, "तोवर अक्कांच्या दारावर कुणी थाप मारणार नाही. सगळ्यांना वाटणार, अक्का आहेत. मलाही वाटलंच की."

प्रफुल्लनं नाक ओढल्याचा आवाज आला. "मग कोणता? गादी, दिवा, का पल्याड? तुम्ही म्हणान तो."

समिधानं रानजाईकडे बघितलं. इतके दिवस ती तिला वेशीवर बसवायला निघाली होती. कुणीतरी जागेवर असावं लागतं म्हणून. उंबराखाली आपणही जागेवरच होतो. आवाज होता, नाव होतं, 'आहे ना अक्का' म्हणत होतो.

"तूच सांग," ती म्हणाली.

रानजाई उठली. तिनं सातवा दिवा पेटवला. कोणती आठवण घातली ते तिनं सांगितलं नाही. उजेड धुक्यावर पडला, सातवी वेस उघडली, पलीकडचा रस्ता दिसला. रानजाई वेशीपर्यंत गेली, दार एकदा ढकलून बघितलं. आणि वळली. दिवा हातात घेऊन ज्या वाटेनं आली त्या वाटेला लागली, सहाव्या वेशीकडे, पाचवीकडे, मागे, जिथं घरं होती.

"अरे! हा तर तिन्हीत नाही," प्रफुल्ल पुटपुटला.

उंबऱ्याला हात लावून रानजाई म्हणाली, "बघून येते."

घंटा वाजली. मेळा संपल्याची. अक्कांची आकृती कडांकडून विरघळायला लागली. समिधानं हात पुढे केला. तिथं हवा होती आणि तिच्या स्वतःच्या स्वयंपाकघराचा ओटा.

"येते गं पोरी," सावली म्हणाली.

समिधानं चष्मा उतरवला. आत रेवा जागी होऊन स्वतःशीच काहीतरी बडबडत होती. तिला उचलून कडेवर घेऊन समिधा खिडकीशी आली, आणि सगळे मेळे जिथे आपापल्या रानजाईच्या शेवटांवर तावातावानं भांडतात, त्या फलकावर तिनं बोलून मजकूर घातला. रेवा मधे मधे बोंडूक ओढत होती. ते आवाजही तसेच गेले.

"तुम्ही जे कुणी हे वाचताय-ऐकताय त्यांना. आमच्या रानजाईचा शेवट कोणता झाला ते नंतर सांगीन. आधी हे बघा. गडहिंग्लजच्या पलीकडे तुमचं गाव असेल, किंवा तिकडे तुमचं कुणी असेल, तर पिठाच्या गिरणीला लागून एक घर आहे का विचारा. दारात अबोली आहे. इंदुमती नावाच्या बाई राहतात, एकट्या, पूर्वी शिवण शिकवायच्या. त्यांना फोन करू नका. फोन उचलला जाईल, गोड बोलतील, त्यानं काही कळत नाही. पायानं जा. दार वाजवा. उघडलं नाही तर गिरणीवाल्याला बोलवा, दोघं मिळून वाजवा, पण आत बघितल्याशिवाय परत फिरू नका. उघडलं, तर म्हणा, समिधानं पाठवलंय. तिच्या पोरीला दात आला म्हणा. आणि निघताना मुद्दाम त्यांच्यासमोर उभं राहून 'जातो' म्हणा, 'जाते' म्हणा. त्या कडाडतील. कडाडल्या, की मला कळवा. मी इथेच आहे, खरीच आहे. मागे रेवा रडतेय ती ऐकू येतेय ना? तेवढं बघून या. कृपा करून बघून या."